दमा आणि विमा : भिलाईच्या निमित्ताने

'दमा' आणि 'विमा' हे मराठीतील दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले दिसतात. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. त्यावरून श्वासाच्या विकाराला 'दमा' हे नाव पडले. 'विमा' या शब्दाचे नाते भय या अर्थाच्या 'बीम' या शब्दाशी जोडले जाते. जुन्या व्यापारी व्यवहारात विमा म्हणजे माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत सुखरूप पोचेल अशी सराफाने पैसे घेऊन दिलेली हमी. वाटेत दरोडा पडला तर सराफ भरपाई देई. माल पोचला की विमा संपे. विम्याच्या कल्पनेत अशा रीतीने मुळातच एक प्रवास आणि एक संभाव्य आपत्ती गृहीत धरलेली आहे, आणि त्या दोहोंनाही आरंभ व शेवट आहे. दम्याचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. तो येतो, जातो, पुन्हा येतो. गेला असे वाटते तेव्हाही श्वासनलिकांच्या अस्तरात दबा धरून असतो. ज्या रोगाला शेवट नाही त्याच्यासाठी शेवट असलेल्या आपत्तीचे साधन वापरले म्हणजे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी भिलाई हे पोलाद-नगर निवडले आहे, आणि रुग्णांपैकी केवळ लहान मुलांचा विचार केला आहे.

प्रथम रोगाविषयी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास या विकारांना एक स्वतंत्र अध्याय दिलेला असून तेथे श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांतील तमकश्वासाचे वर्णन आजच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला ओळखीचे वाटेल. रोगी आडवा झाला की त्रास वाढतो, उठून बसला की थोडे बरे वाटते. ढगाळ हवा, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी विकार बळावतो. आधुनिक वैद्यकाने या निरीक्षणामागील यंत्रणा दाखवून दिली. श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. धूळ, धूर, परागकण, विषाणूंचा संसर्ग अशा एखाद्या निमित्ताने नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, चिकट स्राव साचतो आणि हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण होते. छातीतली घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज हा या अडलेल्या उच्छ्वासाचा आवाज होय.

यावरून औषधयोजनेचे दोन भाग पडतात. आकसलेले स्नायू सैल करणारे सालब्युटामॉलसारखे औषध काही मिनिटांत आराम देते, पण सुजेला हात लावत नाही. सूज कमी ठेवणारे ब्युडेसोनाइडसारखे स्टिरॉइड श्वासावाटे रोज घ्यावे लागते. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि तो टिकण्यासाठी औषध चालू ठेवावे लागते. पहिले औषध आग विझवते, दुसरे आग लागू देत नाही. केवळ पहिल्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे तज्ज्ञांना बराच काळ ठाऊक होते. दम्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये ते आपल्या शिफारशींतच स्पष्टपणे नोंदवले. भारतात मात्र दुसऱ्या औषधाचा वापर फार कमी होतो. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजांनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास भारतात होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे रोगापेक्षा उपचारातील उणीव अधिक बोलते, असे म्हणावे लागेल.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो वरवरचा नाही. आपल्याकडे मुलाला दमा आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. 'छाती भरते', 'कफाची प्रकृती आहे', 'बाळदमा आहे, मोठेपणी सुटेल', 'ॲलर्जी आहे' असे म्हटले जाते. भिलाईच्या हिंदीत 'साँस फूलती है' हे वर्णन चालते, 'दमा' हे निदान चालत नाही. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने हा शब्द अधिकच टाळला जातो, आणि डॉक्टरही कुटुंबाच्या भावना ओळखून चिठ्ठीवर 'ब्राँकायटिस' असे लिहून मोकळे होतात. पाच वर्षांखालील मुलांत निदान खरोखरच अवघड असते, आणि अनेक लहानग्यांची घरघर वयाबरोबर थांबते, हेही खरे आहे. परंतु नाव न दिल्याचा परिणाम असा होतो, की प्रत्येक आघात हा नवा, सुटा आजार मानला जातो. त्यांना जोडणारा धागा नावातच असतो. नाव नाही, म्हणून रोजचे औषधही नाही.

दुसरी गफलत न्यूमोनियाशी होते. दोन महिने ते वर्षाच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक, म्हणजे न्यूमोनिया समजावा, असा साधा निकष गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवला जातो. या निकषाने असंख्य मुले वाचली आहेत. भिलाईपासून फार दूर नसलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित ग्रामकार्यकर्त्यांकरवी न्यूमोनियावर उपचार करून बालमृत्यू घटवून दाखवले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 'पोट उडणे' किंवा हिंदीतील 'पसली चलना' यांसारखे लोकभाषेतील शब्द किती अचूक लक्षण टिपतात, हेही अशा कामांतून कळते. पण दमेकरी मुलाचेही श्वास वाढतात, त्याचेही पोट उडते. वर्षातून चार वेळा 'न्यूमोनिया' झालेले मूल अनेकदा दम्याचे मूल असते, आणि त्याला चार वेळा प्रतिजैविके मिळालेली असतात.

मराठी कथा-कादंबऱ्यांत क्षयाला जे स्थान मिळाले ते दम्याला मिळाले नाही, हेही जाता जाता नोंदवावे. दमा येतो तो बहुधा ओसरीवर खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या रूपाने, पार्श्वभूमीचा आवाज म्हणून. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याला वयाच्या नवव्या वर्षी दम्याचा पहिला मोठा झटका आला, आणि त्याचे वडील सार्वजनिक आरोग्याचे नामांकित तज्ज्ञ होते. आपल्या साहित्यात असे दमेकरी मूल शोधावेच लागते. कल्पनेत जे नाही ते धोरणातही सहसा येत नाही.

आता भिलाईकडे वळू. या प्रदेशाशी मराठीचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून छत्तीसगढचा कारभार पाहिला. मराठी घरात वाढून हिंदीचे श्रेष्ठ कवी झालेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून जवळच्या राजनांदगाव येथे अध्यापन करीत होते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, दुर्गलगतचे हे ठिकाण १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारामुळे पोलाद-नगर बनले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली आखीव वसाहत, शाळा आणि रुग्णालये आली. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे त्यांतील मुख्य. देशाच्या सर्व प्रांतांतून, अर्थात विदर्भातूनही, माणसे येथे कामाला आली.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईचा अभ्यास करून २०२० मध्ये 'क्लासेस ऑफ लेबर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'नौकरी' असलेला कायम कामगार आणि 'काम' करणारा ठेका-मजूर हे एकाच कारखान्याच्या आवारातले दोन वेगळे वर्ग आहेत, असा त्यांचा मुख्य सिद्धांत आहे. हिंदीतील हे दोन साधे शब्द तेथे केवढी सामाजिक दरी दाखवतात, हे भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. दम्याच्या मुलांच्या बाबतीत ही दरी अशी दिसते. कायम कामगाराचे मूल कंपनीच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाते. तपासणी होते, औषध मिळते, पुढची तारीख मिळते. लहानमोठ्या पूरक उद्योगांत नोंदणीकृत नोकरी असलेल्याचे मूल कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येते. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि २०१७ पासून तिच्यासाठी दरमहा २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ठरली. याच्या खालच्या पायरीवर रेशनकार्डाच्या आधारे शासकीय विम्यात आलेले मूल आहे. आणि सर्वांत खाली, ज्याच्या बापाचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर कधी असते कधी नसते आणि रेशनकार्ड दुसऱ्याच राज्यात राहिलेले असते, ते मूल. हवा मात्र चौघांनाही सारखीच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही त्यांची यादी झाली. तीत रायपूर व कोरबा यांच्याबरोबर भिलाईचे नाव आहे. कारखान्यामुळे दमा होतो असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. आनुवंशिकता, चुलीचा धूर, धानाच्या मळणीची धूळ, घरातील ओल अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पण असलेला दमा दूषित हवेने चिघळतो, याविषयी शंका उरलेली नाही.

तिसऱ्या पायरीवरील मुलाचा विमा थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण मोठी संख्या तेथे आहे. २००८ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली : पाच जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण. छत्तीसगढने २०१२ मध्ये मुख्यमंत्री स्वास्थ्य विमा योजना सुरू करून उरलेल्या कुटुंबांनाही त्यात सामावून घेतले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला आणि रक्कम ५ लाखांवर गेली. २०२० च्या आरंभी राज्याने आपली योजना डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने नव्याने मांडली. प्राधान्य व अंत्योदय कार्डधारकांना ५ लाख, इतरांना ५०,००० रुपये. (बघेल हे नागपुरात शिकलेले वैद्य, स्वतंत्र छत्तीसगढच्या मागणीचे अग्रणी आणि छत्तीसगढी नाटककार, आरोग्ययोजनेला नाटककाराचे नाव मिळाल्याची उदाहरणे फारशी नसावीत.) २०२४ मध्ये योजनेला १८५७ चे हुतात्मा वीर नारायण सिंह यांचे नाव देण्यात आले. नावे बदलली, रकमा वाढल्या. एक गोष्ट या सर्व फेरफारांत स्थिर राहिली. पैसे मिळतात ते मूल रुग्णालयात 'भरती' झाल्यावर.

हा 'भरती' शब्दही पाहण्यासारखा आहे. पुण्या-मुंबईच्या मराठीत रुग्ण 'दाखल' होतो. विदर्भात आणि छत्तीसगढात तो 'भरती' होतो. विम्याच्या दृष्टीने मूल भरती होण्यापूर्वी जवळजवळ अस्तित्वातच नसते. प्रत्येक आजारासाठी ठरावीक रकमेचे 'पॅकेज' असते. त्यात भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे १५ दिवस एवढा खर्च धरला जातो. आता एक सहा वर्षांची मुलगी कल्पनेत आणावी. पौषातल्या एका रात्री तिचा श्वास अडतो. कार्ड दाखवून ती भरती होते, प्राणवायू मिळतो, वाफाऱ्याच्या यंत्रातून औषध मिळते, तीन-चार दिवसांत ती हसत घरी येते. विमा येथे आपले काम चोख करतो, आणि ते काम लहान नाही. हाच प्रसंग कार्ड नसलेल्या घराला सावकाराच्या दारात नेतो. तिच्यासोबत काही दिवसांचे औषधही येते. पण श्वासनलिकांची सूज उतरायला आठवडे आणि महिने लागतात. सोळाव्या दिवशी रोजच्या पंपाचा खर्च बापाचा. पंप काही शे रुपयांचा. महिन्याच्या किराण्याशी त्याची स्पर्धा, आणि मूल तर बरे दिसते आहे. पंप थांबतो. पुढच्या थंडीत ती पुन्हा भरती होते आणि विमा पुन्हा हजारो रुपये देतो. दोन-तीन पंपांची रक्कम वाचवून शासनाची तिजोरी अधिक रक्कम खर्च करते, आणि मुलगी मधल्या काळात शाळा, झोप व कधी जीवही गमावते. आरोग्यशास्त्रात दम्यासाठीची भरती ही बाह्योपचार नीट असतील तर बव्हंशी टळणारी भरती मानली जाते. म्हणजे येथे विमा ज्या घटनेची भरपाई देतो, ती घटना न टळण्यास त्याचीच रचना हातभार लावते.

रुग्णालयांच्या हिशेबावरही या रचनेचा परिणाम होतो. ज्याचे पैसे मिळतात ते केले जाते. २०१२ मध्ये छत्तीसगढातील काही खाजगी रुग्णालयांत विम्याच्या रकमेसाठी स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे प्रकरण देशभर गाजले. दम्याच्या मुलाच्या बाबतीत एवढे भीषण काही घडण्याचे कारण नाही. पण आईला पंप वापरायला शिकवण्यात अर्धा तास घालवणाऱ्या डॉक्टरला त्या अर्ध्या तासाचे काहीही मिळत नाही, आणि तीन दिवसांच्या भरतीचे मिळते, एवढे पुरेसे आहे.

तो अर्धा तास महत्त्वाचा असतो. पंपाविषयी 'सवय लागते', 'शेवटचा उपाय आहे' असे समज सर्वत्र आहेत. म्हणून पालक गोळी किंवा गोड सिरप मागतात. वस्तुतः पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते. तोंडाने दिलेल्या २ मिलिग्रॅम मात्रेचा तो विसावा भाग होय. तो थेट नलिकांत पोचतो, उरलेले शरीर बव्हंशी मोकळे राहते. लहान मुलाला फवारा आणि श्वास यांची वेळ जुळवता येत नाही, त्यासाठी मध्ये एक पोकळ नळकांडे लावतात. तेही विकत घ्यायला नको : दक्षिण आफ्रिकेत हेदर झार व सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंपाच्या आकाराचे भोक पाडून व बाजूच्या फटी नीट बंद करून बनवलेले साधन विकतच्या साधनाइतकेच काम देते, असे १९९९ मध्ये दाखवून दिले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची भिलाईत वाण नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना या बाबतीत वेगळी ठरते. तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे पहिल्यापासून समाविष्ट आहेत. तिच्या दवाखान्यांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही तत्त्व पाहता, स्वातंत्र्यानंतर लगेच झालेल्या कायद्याला जे कळले होते ते साठ वर्षांनंतरच्या योजनांनी सोडून दिले, असे दिसते. कामगार रोज आजारी पडू शकतो, हे त्या कायद्याने धरले होते. नंतरच्या योजनांनी गरीब माणूस फक्त संकटात आजारी पडतो असे धरले.

भिलाईच्या परिसरात आणखी एक परंपरा आहे, ती विम्याची नाही. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांच्या संघटनेने स्वतःच्या पैशांतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभारले. १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या कामगारांच्या स्मृतीसाठी ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. कामगारांतूनच आरोग्यकार्यकर्ते तयार करणे, औषधे मोजकी व आवश्यक तेवढीच देणे, रोगाचे कारण रुग्णाला समजावून सांगणे, ही तेथील पद्धत. नियोगींची भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. रुग्णालय पुढेही चालत राहिले. छत्तीसगढ शासनाने २००२ मध्ये सुरू केलेला 'मितानिन' कार्यक्रम हाही याच मातीतला. 'मितान' म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र. आरोग्यसेविकेला हे नाव देताना एक नातेच उसने घेतले गेले. देशभरातील 'आशा' ही योजना त्यानंतर, २००५ मध्ये आली.

परदेशांतील अनुभव येथे थोडक्यात पुरे. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे दम्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवून प्राथमिक पातळीवर लवकर निदान आणि दाहशामक औषध यांवर भर दिला. दम्यासाठी रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. ब्राझील हा देश आपल्या अधिक जवळचा. तेथे २०१२ पासून दम्याची प्रमुख औषधे जनऔषधालयांतून विनामूल्य मिळू लागली.

आपल्याकडे तुकडे सगळे आहेत. ब्युडेसोनाइड आणि सालब्युटामॉल दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून तपासायच्या ३० विकारांत श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा समावेश आहे. आयुष्मान भारतचे पहिले आरोग्य केंद्र तर छत्तीसगढातच, बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे १४ एप्रिल २०१८ रोजी उघडले. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ मध्ये दम्याची भर पडली. परंतु त्या कार्यक्रमाची तपासणी मुख्यतः तिशीपुढील प्रौढांसाठी बेतलेली आहे. ओसरीवरचा म्हातारा तेथेही पुढे आला. शाळेतील तपासणी मुलाला शोधते, पण रोजचे औषध देत नाही. केंद्र औषध देऊ शकते, पण त्याची नजर प्रौढांवर आहे. विमा पैसे देऊ शकतो, पण भरतीनंतर. शाळेतल्या चिठ्ठीवर लिहिलेले निदान जवळच्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत जावे आणि तेथून वर्षभर पंप मिळावा, एवढा एकच दुवा जोडायचा आहे. त्यासाठी नवा विमा नको. विम्यातून एका भरतीला दिल्या जाणाऱ्या रकमेत त्या मुलाचा बराच काळचा पंप निघेल.

दुव्याचा एक भाग भाषेचा आहे, आणि तो या नियतकालिकाच्या वाचकांच्या कक्षेतला आहे. दम्याच्या प्रत्येक मुलासाठी घरी एक लेखी योजना असावी, असे आज सर्वत्र मानले जाते : हिरव्या रकान्यात मूल ठीक असतानाचे रोजचे औषध, पिवळ्यात त्रास वाढू लागल्याची चिन्हे, लालमध्ये ताबडतोब रुग्णालय. भिलाईत रुग्णालयातून सुटी मिळते तेव्हा हाती येणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो, आणि ज्या आईला तो वाचायचा ती घरी छत्तीसगढी, तेलुगू, बांगला, ओडिया किंवा वऱ्हाडी बोलत असते. पिवळ्या रकान्यात नुसते 'श्वसनास त्रास' असे भाषांतर करून भागणार नाही. रात्री खोकून उठते का, जिना चढताना थांबते का, एक वाक्य एका दमात बोलता येते का, गळ्याखालची खळी आत ओढली जाते का, हे त्या त्या बोलीत विचारावे लागेल. लाल रकान्यासाठी ओठ निळे पडणे आणि घरघर अचानक थांबणे ही दोन चिन्हे अनिवार्य आहेत. दुसरे चिन्ह आयांना नीट समजावून द्यावे लागते, कारण आवाज थांबला म्हणजे बरे वाटले असा त्याचा स्वाभाविक अर्थ घेतला जातो, आणि तेव्हा नलिकांतून हवा जाणेच बंद होत आलेले असते.